अ‍ॅडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक, नायसिनमाइड... कशासोबत काय चालतं? चेहऱ्याची नुसती आग होतेय

अबोली_२३

नमस्कार, पोस्ट मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. वय २३, स्किन तेलकट, नववीत असल्यापासून पिंपल्स. मधली दोन वर्षं बरी गेली आणि नोकरीसाठी पुण्याला आले तसे परत हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर यायला लागले, काही नुसते लाल, काही आत गाठीसारखे दुखणारे. ऑगस्टच्या शेवटी स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनच ट्यूब दिल्या, सकाळी क्लिंडामायसिन १% जेल आणि रात्री अ‍ॅडापलीन ०.१% जेल, आणि सहा आठवड्यांनी परत या म्हणाले.

तीन आठवडे झाले तरी फरक नाही, उलट कपाळावर बारीक बारीक नवीन आले, मग मीच एकेक वाढवत गेले. आत्ता असं चाललंय: सकाळी सॅलिसिलिक २% फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, त्यावर क्लिंडामायसिन, सनस्क्रीन कधी लावते कधी राहतं. संध्याकाळी ऑफिसमधून आले की परत तोच फेसवॉश, मग नायसिनमाइड १०%, मग अ‍ॅडापलीन, आणि ते वाळलं की त्याच्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५%. ते रूममेटचं आहे, तिला खूप फरक पडला म्हणून. शिवाय मावशीनी डागांसाठी एक ट्यूब दिलीये, ती रात्री सगळ्यात शेवटी फक्त डागांवर.

गेले दहा दिवस साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चरचरतं, डोळ्यात पाणी येतं. ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडल्यात, जेवताना तिखट लागलं की जीव जातो. नाकाच्या बाजूला साल निघतीये. आणि गालावर जिथे जुने डाग होते तिथे आता चॉकलेटी-काळपट पट्टे दिसायला लागलेत, हे आधी अजिबात नव्हते. डिसेंबरच्या शेवटी ताईचं लग्न आहे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळालीये, तोवर काय करू? ह्यातलं काय कशासोबत चालतं आणि काय नाही, प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा.

सदाफुली

अगं आधी आज रात्रीपासून सगळं थांबव. फेसवॉशसुद्धा. एखादा साधा, बिनवासाचा, फेस कमी येणारा क्लिन्झर घे, तो दिवसातून दोनदाच, एरवी नुसतं पाणी. वर साधं मॉइश्चरायझर, तेही झोंबत असेल तर नुसतं व्हॅसलीन पातळ लाव, ओठांच्या कोपऱ्यात तर लावच. सकाळी सनस्क्रीन. गुरुवारपर्यंत एवढंच.

माझ्यावर बेतलंय म्हणून इतकं ठासून सांगतेय. मला २०१९ मध्ये ट्रेटिनॉइन ०.०२५% दिलं होतं, ते तुझ्या अ‍ॅडापलीनसारखंच असतं, वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी बंद कर असं डॉक्टरांनी बजावलंही होतं, मी लग्नाच्या धावपळीत विसरले आणि चुलतभावाच्या हळदीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये अप्पर लिपचं वॅक्स केलं. पट्टीबरोबर कातडीच आली. जखम चार दिवसात भरली पण तिचा डाग जायला पाच महिने लागले, आणि ज्या पिंपल्ससाठी हे सगळं करत होते ते कधीच गेले होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या कातडीचं हेच आहे, जिथे आग झाली, सोललं, तिथे रंग साठतो. गोऱ्या लोकांच्या व्हिडिओत "थोडं लाल होईल, जाईल" म्हणतात ना, ते आपल्याकडे लाल होऊन थांबत नाही. लग्नाला अडीच महिने आहेत, भरपूर आहेत, पण आत्ता घाई केलीस तर नाहीत. आणि लग्नाआधी फेशियल, ब्लीच असलं काही पार्लरवालीनी कितीही आग्रह केला तरी ह्या अवस्थेत करू नकोस गं.

औषधांची_पेटी

सदाफुली ताईंनी सांगितलं ते आधी कर. मी कोल्हापूरला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुझ्या डॉक्टरांचाच, पण कशासोबत काय हे सांगू शकतो.

त्याआधी एक काम कर. मावशीच्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात कंपोझिशन असतं ते जसंच्या तसं इथे टाइप कर. मला त्या काळपट पट्ट्यांबद्दल शंका आहे.

आता बाकीचं. कशाचं काम काय हे कळलं की अर्धा गोंधळ जातो. पिंपल सुरू होतो तो केसाच्या मुळाशी छिद्र बुजलं की, आत तेल साठतं, त्यात जंतू वाढतात, सूज येते. अ‍ॅडापलीन छिद्र बुजूच नये म्हणून काम करतं, म्हणजे ते आत्ता आलेल्या पिंपलचं औषध कमी आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्याचं जास्त. म्हणून ते टिपक्यासारखं पिंपलवर लावायचं नसतं, जिथे जिथे येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं असतं. आणि म्हणूनच तीन आठवड्यात काही दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यात तर आत दबलेले वर येतात आणि वाढल्यासारखं वाटतं, तुझ्या कपाळावर आले ते बहुतेक तेच. खरा अंदाज ८ ते १२ आठवड्यांनी येतो. तू नेमकी सगळ्यात कंटाळवाण्या टप्प्यावर धीर सोडलास, आणि बहुतेक जण तिथेच सोडतात, आमच्या काउंटरवर रोज बघतो.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि त्याला जंतू सरावत नाहीत. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक, त्याला सरावतात, म्हणून ते एकटं महिनोन्‌महिने लावत बसायचं नसतं, जोडीला बेन्झॉइल असावं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनी २०२४ मध्ये पिंपल्सच्या उपचारांबद्दल नव्या सूचना काढल्या त्यातही हेच आहे. तेव्हा गुरुवारी डॉक्टरांना हे आपणहून विचार, बेन्झॉइल सकाळी क्लिंडामायसिनसोबत लावू का म्हणून. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरून साफ करतं, वाईट नाही, पण रात्री अ‍ॅडापलीन असताना दिवसातून दोनदा कशाला? फेसवॉश असला तरी ते अ‍ॅसिडच आहे. त्यानी वरचा थर मोकळा केला की त्यावर लावलेलं सगळं जास्त टोचतं.

आता तुझा मुख्य प्रश्न, एकत्र चालतं का. अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल चालतं, दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळतं, अ‍ॅडापलीन ०.१ आणि बेन्झॉइल २.५, कारण अ‍ॅडापलीन बेन्झॉइलनी खराब होत नाही. ट्रेटिनॉइनचं तसं नाही, साधं ट्रेटिनॉइन बेन्झॉइलसोबत लावलं तर त्याची ताकद जाते, उजेडातही जाते, म्हणून ते रात्री आणि बेन्झॉइल सकाळी. व्हिटॅमिन सी आणि बेन्झॉइल एका वेळी लावू नये, बेन्झॉइल त्याला ऑक्सिडाइझ करतं, म्हणजे महागाचं सीरम वाया. नायसिनमाइड बिचारं कुणाशी भांडत नाही, फक्त १०% काही जणांना चरचरतं, ५% पुरतं.

म्हणजे तुझ्या यादीत एकेकटी गोष्ट चुकीची नाही, पण अशी बघ: एका रात्रीत अ‍ॅसिड, रेटिनॉइड (म्हणजे तुझं अ‍ॅडापलीन), पेरॉक्साइड, तिन्ही सोलणारी आणि कोरडी करणारी, तीही रोज, तीही एकदम सुरू केलेली. कुठलीही कातडी हे सोसणार नाही. आणि आता आग कशानी होतेय हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण तू दोन आठवड्यात चार गोष्टी वाढवल्यास. नवीन काही आणलं की किमान दोन आठवडे फक्त तेवढंच वाढवायचं, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं.

आजीचा_बटवा

मी तर म्हणेन ही केमिकल्स सोडूनच दे काही दिवस. आमच्याकडे डाळीचं पीठ, दही, चिमूटभर हळद आणि चार थेंब लिंबू असा लेप लावायचो, माझ्या दोन्ही मुलींना लावलाय, काही त्रास झाला नाही.

औषधांची_पेटी

काकू, तुमच्या मुलींची कातडी तेव्हा शाबूत होती, हिची आत्ता सोललेली आहे. लिंबाचा रस फार आंबट असतो, सोललेल्या जागी अ‍ॅसिड लावल्यासारखंच, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात, कधी कधी भाजल्यासारखे फोडसुद्धा येतात. डाळीचं पीठ चोळून काढताना घासलं जातं तेही नको. बरी झाल्यावर नुसता पिठाचा लेप हलक्या हातानी लावला तर माझं काही म्हणणं नाही, आत्ता मात्र नको.

अबोली_२३

सगळं बंद केलंय कालपासून. दादा, ट्यूबवर हे लिहिलंय: हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५%, मोमेटासोन फ्युरोएट ०.१%. मावशीला तिच्या इथल्या मेडिकलवाल्यानी चिठ्ठीशिवाय दिली होती, ती दोन वर्षं वांगावर लावतेय. खरं सांगते, पहिले आठ दिवस माझा चेहरा इतका छान दिसत होता की मी अ‍ॅडापलीनचाच गुण समजले. एकूण साधारण १५ दिवस लावली असेल.

औषधांची_पेटी

हेच वाटलं होतं. आता नीट वाच, कारण ह्या एका ट्यूबमध्ये तुझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आहेत.

ट्रेटिनॉइन हे अ‍ॅडापलीनच्याच घरातलं, दोन्ही रेटिनॉइड. म्हणजे रोज रात्री तू रेटिनॉइडवर रेटिनॉइड लावत होतीस आणि तुला माहीतही नव्हतं. साल निघायला तेवढंच पुरेसं होतं.

काळपट पट्टे. हायड्रोक्विनोन, म्हणजे डाग फिके करणारं औषध, आणि पेरॉक्साइड कातडीवर एकत्र आले की तिथे तात्पुरता गडद रंग चढू शकतो. तू बेन्झॉइलवर ही क्रीम लावत होतीस, आणि पट्टे नेमके डागांच्या जागी आहेत म्हणालीस. पेरॉक्साइड बंद केलं आणि नेहमीसारखं धूत राहिलं की तो रंग उतरतो. माझा अंदाज बरोबर असेल तर थोड्या दिवसात फिकं दिसायला लागेल. नाही झालं तर तो आगीमुळे बसलेला डाग, त्याला महिने लागतात. डॉक्टर बघून सांगतील.

आणि मोमेटासोन, हे स्टेरॉइड. पहिले आठ दिवस चेहरा छान दिसला तो ह्याच्यामुळे, लाली आणि सूज ते दाबून टाकतं. पिंपल जात नाहीत, झाकले जातात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, केस वाढतात, आणि स्टेरॉइडनीच येणारे बारीक एकसारखे दाणे येतात. बंद केलं की सगळं भडकतं, म्हणून माणूस परत लावतो, आणि त्यात अडकतो. आपल्याकडे हा प्रकार इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या देशभरच्या संघटनेला, आयएडीव्हीएलला, त्याच्याविरुद्ध मोहीमच काढावी लागली, आणि २०१८ मध्ये सरकारनी चेहऱ्याला लावतात त्या बऱ्याच स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम केला. तरी काउंटरवर मिळतात. माझ्याच पेशातल्या माणसांबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण गोरं व्हायची क्रीम म्हणून ही ट्यूब पुढे सरकवणारा माणूस लोकांच्या चेहऱ्याचं नुकसान करतोय.

वांगासाठी ह्या तीन औषधांचं मिश्रण डॉक्टर देतात, ते चुकीचं औषध नाही, पण थोड्या आठवड्यांपुरतं आणि त्यांच्या नजरेखाली. तुझे १५ दिवस झालेत, तू सरळ बंद कर, थोडं भडकेल, घाबरू नकोस, आणि डॉक्टरांना ट्यूब नेऊन दाखव, लपवू नकोस. मावशीचं वेगळं. दोन वर्षं लावतायत म्हणजे त्यांनी एकदम बंद करू नये, त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, तुझ्याआधी त्यांना जायची गरज आहे.

सदाफुली

बापरे. मी पण मावशीच्या ट्यूबकडे दुर्लक्ष केलं वाचताना. आज घरातल्या सगळ्या ट्यूब काढून मागचं वाचते.

परदेशी_पाखरू

मी न्यू जर्सीला असते, इकडे अ‍ॅडापलीन ०.१% २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे इकडे मुली स्वतःच सुरू करतात आणि अबोलीसारखंच होतं, सगळ्यांना दुसऱ्या आठवड्यात निकाल हवा असतो. मी ज्या पद्धतीनी टिकवलं ते सांगते, डॉक्टर परत सुरू करा म्हणाले की उपयोगी पडेल. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं, ओलसर कातडीवर जास्त लागतं. मग मॉइश्चरायझर, मग मटारच्या एका दाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला, खरंच एवढंसंच, मग परत मॉइश्चरायझर. डोळ्याभोवती, नाकपुड्यांच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात आधी व्हॅसलीन, म्हणजे जेल तिथे सरकत नाही. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, आणि झोंबलं तर मागे यायचं. मला रोजवर यायला अडीच महिने लागले.

बेन्झॉइलबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही. टॉवेल, उशीचे अभ्रे, रंगीत कुर्त्याचा गळा, सगळ्याचा रंग उडवतं, पांढरा टॉवेल वेगळा ठेव. आणि ते गरम जागी ठेवू नकोस. २०२४ ला इकडे एका खाजगी लॅबनी गरमीत त्यातून बेन्झीन, म्हणजे कॅन्सरला कारण ठरू शकणारं रसायन, तयार होतं असं म्हटल्यावर खूप घबराट झाली, मग एफडीएनी, म्हणजे इकडच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानी, ९५ प्रॉडक्ट्स तपासली, त्यातल्या ९०% हून जास्तमध्ये बेन्झीन नव्हतं किंवा अगदीच कमी होतं, आणि मार्च २०२५ मध्ये मोजकीच परत मागवली. म्हणजे सोडून द्यायचं कारण नाही, पण उन्हाळ्यात खिडकीत, गाडीत किंवा बाथरूमच्या गीझरजवळ ट्यूब नको. माझं माहेर अकोल्याचं आहे, तिथल्या मे महिन्यात तर कपाटाच्या आतच ठेवावी.

निशिगंध_७

एक राहिलं. अबोली, तुला आत्ता लागू नसेल पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, दिवस राहिले असतील किंवा चान्स घेत असाल तर अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड बंद करायची आणि डॉक्टरांना सांगायचं. मला तेव्हा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड दिलं होतं, ते त्या काळात चालतं आणि डागांवरही काम करतं. अजून एक, हनुवटी आणि जबड्याच्या कडेनी आत गाठीसारखे येत असतील आणि पाळी मागेपुढे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. मी दोन वर्षं नुसत्या ट्यूबवर काढली आणि शेवटी पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीचा त्रास, निघालं.

अबोली_२३

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, डिसेंबर सुरू झाला म्हणून अपडेट द्यायला आले.

डॉक्टर ओरडले नाहीत, ट्यूब बघून फक्त मान हलवली. दोन आठवडे औषध काहीच नको म्हणाले, फक्त क्लिन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. चौथ्या दिवशी गालावर एकदम लाल पुरळ उठलं, मी रडले, पण दादांनी आधीच सांगितलं होतं म्हणून काही लावलं नाही आणि आठवड्यात ते बसलं. काळपट पट्टे नवव्या दिवशी निम्मे झाले आणि नंतर गेले! आता जुनेच डाग आहेत, ते फिके होतायत. दोन आठवड्यांनी अ‍ॅडापलीन दर तिसऱ्या रात्री सुरू केलं, आता एक दिवसाआड चालू आहे, मॉइश्चरायझरच्या मध्ये. बेन्झॉइल मागच्या आठवड्यापासून सकाळी, क्लिंडामायसिनसोबत, पण क्लिंडामायसिन फक्त अजून काही आठवडे. सॅलिसिलिक फेसवॉश रूममेटला दिला, व्हिटॅमिन सी नंतर बघू म्हणाले. पाळी वेळेवर आहे, म्हणून टेस्ट नाही सांगितल्या. ओठांच्या चिरा पूर्ण गेल्या, परवा मिसळ खाल्ली.

मावशीला पण घेऊन गेले. तिला पटायला वेळ लागला, "मला तर ह्यानीच फरक पडला" म्हणत होती, पण डॉक्टरांनी आरशात तिच्या गालावरच्या लाल शिरा दाखवल्या तेव्हा गप्प बसली. आता तिची वेगळी ट्रीटमेंट सुरू आहे, हळूहळू कमी करतायत. रोज फोन करून आग होतेय म्हणते, मी फक्त ऐकते आणि लावू नकोस म्हणते.

एकच विचारायचंय, लग्न २८ ला आहे, थ्रेडिंग केलं तर चालेल का? वॅक्स नाही करणार.

सदाफुली

भुवयांचं चालेल, पण २० तारखेपासून कपाळाला अ‍ॅडापलीन लावू नकोस आणि थ्रेडिंग २५-२६ ला कर, आदल्या दिवशी नको. अप्पर लिपला दोऱ्यानीसुद्धा नको ह्या वेळी. आणि करताना त्यांना आधी सांग तू काय लावतेस ते, म्हणजे नंतर त्या जेल किंवा टोनर चोळणार नाहीत, घरी येऊन नुसतं साधं मॉइश्चरायझर लाव. मावशीला माझा नमस्कार सांग, पहिला महिना सगळ्यात अवघड असतो म्हणावं.